रक्तदान शिबिराचं पोस्टर: डिजिटल मांडणीचे पहिले धडे

महाविद्यालयात एनएसएसचं रक्तदान शिबिर ठरतं. तारीख पक्की होते, रक्तपेढीशी बोलणं होतं आणि मग कुणीतरी म्हणतं, "तुझ्याकडे कॅनव्हा आहे ना? एक पोस्टर करून टाक." रात्री अकराला ते ग्रुपवर पडतं. लाल पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं, एक थेंब, एक हृदय, हातात हात, वरच्या कोपऱ्यात प्राचार्यांचा फोटो. तारीख मात्र झूम करून शोधावी लागते. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडतो आणि शिबिराच्या दिवशी खुर्च्या रिकाम्या राहतात.

हा लेख त्या "करून टाक"साठी आहे. समोरच्यानं थांबावं, पटवून घ्यावं आणि काहीतरी करावं यासाठी शब्द, चित्र, रंग आणि मोकळी जागा जाणीवपूर्वक वापरण्याला अभ्यासक 'डिजिटल रेटरिक' म्हणतात. रिचर्ड लॅनहॅम या अमेरिकी प्राध्यापकानं १९८९ मधल्या एका व्याख्यानात हे नाव वापरलं. मुळं थेट ॲरिस्टॉटलपर्यंत जातात. पण अभ्यासक्रमातल्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा एक पोस्टर सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट केलं, तर यातल्या बहुतेक संकल्पना हाताला लागतात. म्हणून इथं उदाहरण एकच घेऊ: रक्तदान शिबिराचं पोस्टर. पोस्टर ही विनंती असते. त्यातली प्रत्येक रेघ त्या विनंतीच्या कामाची असली पाहिजे, हे एकदा मान्य केलं की पुढचे बरेच वाद मिटतात.

पायरी १: लॅपटॉप उघडण्याआधी कागद घ्या

वक्तृत्व स्पर्धेत तोंड उघडताच आपण म्हणतो, "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो." समोर कोण बसलंय हे आधी ठरतं, भाषण नंतर. पोस्टर करताना मात्र हे सगळे विसरतात आणि 'सर्वांसाठी' पोस्टर करतात.

लॉइड बिट्झर या अभ्यासकानं १९६८ मध्ये कुठल्याही प्रसंगाचे तीन भाग सांगितले: निकड, श्रोते आणि मर्यादा. कागदावर याच तीन गोष्टी लिहा.

निकड: आत्ताच का? महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात रक्ताचा तुटवडा जाणवतो, कारण महाविद्यालयांना सुट्ट्या लागतात, लोक गावी जातात आणि शिबिरं कमी होतात. तुमचं शिबिर परीक्षा संपण्याच्या सुमारास असेल, तर हे कारण तुमच्या हातात आयतंच आहे.

श्रोते: 'विद्यार्थी' हे उत्तर चालणार नाही. एनएसएसची मुलं तशीही येणार आहेत. ज्याला वळवायचंय तो मुलगा किंवा ती मुलगी कोण? समजा, नुकतीच अठरा पूर्ण झालेली आणि कधीच रक्त न दिलेली एस. वाय.ची (पदवीच्या दुसऱ्या वर्षाची) मुलगी.

मर्यादा: तिला काय अडवतंय? सुईची भीती. "अशक्तपणा येईल" हे घरातलं वाक्य. त्याच वेळी असलेलं प्रॅक्टिकल. आणि आपण यात बसतो का, हेच माहीत नसणं. माझ्या मते हे शेवटचं कारण सर्वांत मोठं असतं आणि पोस्टरवर त्याचं उत्तर क्वचितच सापडतं.

आता सगळ्याचं एक वाक्य करा: "पहिल्यांदाच रक्त देणाऱ्यांनी बुधवारी १० ते २ मध्ये सभागृहात यावं." हे वाक्य होत नसेल तर पोस्टर सुरू करू नका.

पायरी २: विश्वास, तर्क, भावना

माणूस तीन वाटांनी पटतो, हे ॲरिस्टॉटलनं सांगून ठेवलंय: सांगणाऱ्यावरचा विश्वास, सांगण्यातला तर्क आणि मनाला भिडणारी भावना. आपल्या पोस्टरवर या तिन्ही कुठून आणायच्या?

विश्वासासाठी बहुतेक जण मान्यवरांचे फोटो लावतात. पण रक्त कोण घेणार, सुई नवी असेल का, काही झालं तर डॉक्टर असेल का, हे प्रश्न मान्यवरांच्या फोटोनं सुटत नाहीत. परवानाधारक रक्तपेढीचं स्पष्ट नाव, "आधी मोफत तपासणी" हे तीन शब्द आणि चौकशीसाठी एका खऱ्या माणसाचा नंबर यांनी ते सुटतात. नंबर द्यायच्या आधी त्या माणसाला विचारा, हे सांगायला नकोच.

तर्कासाठी माहिती भरपूर आहे, फक्त निवडायची आहे. रक्तदात्याचं वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. पुरुषांना दर ३ महिन्यांनी आणि स्त्रियांना दर ४ महिन्यांनी रक्त देता येतं. एका वेळी ३५० किंवा ४५० मिली रक्त घेतलं जातं, तेही वजन पाहून. प्लेटलेट फक्त ५ दिवस टिकतात. यातलं आपल्या एस. वाय.च्या मुलीला काय हवंय? वय आणि वजन. ती दोन आकड्यांत स्वतःला तपासते आणि "मी बसते यात" इथपर्यंत पोहोचते. प्लेटलेटची माहिती दुसऱ्या दिवशीच्या पोस्टसाठी ठेवा.

भावनेच्या बाबतीत जरा सांभाळून. 'रक्तदान हेच श्रेष्ठ दान' वाचून आता कुणाच्या पापणीचा केसही हलत नाही. घोषणा चुकीची नाही, पण इतकी वापरली गेलीय की डोळा तिच्यावरून घसरतो. दुसऱ्या टोकाला रडणाऱ्या मुलाचा, सलाईन लावलेल्या रुग्णाचा नेटवरून उचललेला फोटो. तो कुणाच्या तरी घरातला माणूस आहे आणि त्याची परवानगी तुमच्याकडे नाही. त्यापेक्षा एक साधी, खरी ओळ जास्त काम करते: "थॅलेसेमिया असलेल्या मुलाला दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त लागतं." यात तर्कही आहे आणि भावनाही.

'एका पिशवीनं तीन जीव वाचतात' असं छातीठोक लिहिण्याआधीही थांबा. रक्ताचे लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा असे घटक वेगळे करता येतात, म्हणून एक पिशवी तीन रुग्णांपर्यंत पोहोचू शकते. मग तसंच लिहा. 'शकते'नं पोस्टरचा जोर कमी होत नाही, आणि मेडिकलच्या मुलांनी पोस्टर पाहिलं तर हसंही होत नाही.

पायरी ३: मजकूर आधी, डिझाइन मागून

कॅनव्हाचं तयार टेम्प्लेट उघडलं की त्यातल्या चौकटी भरण्यासाठी आपण शब्द शोधू लागतो. उलटी गंगा. मजकूर आधी नोट्समध्ये टाइप करा. आपला मजकूर असा होऊ शकतो:

पहिल्यांदा रक्त देताय? आम्ही सोबत आहोत.
बुधवार, सकाळी १० ते दुपारी २, महाविद्यालयाचं सभागृह
वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो? मग या. आधी मोफत तपासणी.
येताना नाश्ता करून या.

खाली रक्तपेढीचं नाव, एनएसएस विभाग आणि नंबर. झालं. बुधवारच्या शेजारी तारीखही लिहा, नाहीतर जुनं पोस्टर फिरत राहतं आणि पुढच्या महिन्यातल्या बुधवारी कुणीतरी सभागृहाच्या दारात उभं असतं. प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, निमंत्रक, समन्वयक ही यादी कार्यक्रमपत्रिकेची आहे. ती पोस्टरवर हवीच असा आग्रह झाला तर (होतोच) दुसरी इमेज करा.

पायरी ४: डोळा कुठून कुठं जाईल?

उतरंड म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला शिकवावं लागू नये. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स पाहा. सर्वांत वर पक्षाच्या थोर नेत्यांची गोल चेहऱ्यांची रांग, मधोमध गॉगल घालून हात जोडलेले 'भाऊ', शेजारी भलंमोठं 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' आणि खाली तिकिटाएवढ्या चेहऱ्यांची 'शुभेच्छुक' मंडळी. कुणाचा चेहरा किती मोठा, कोण कुणाच्या डावीकडे, याचा हिशोब इतका काटेकोर असतो की एक सेंटीमीटर कमी-जास्त झाला तरी फोन येतात. हा फ्लेक्स कुणी वाचत नाही, पण कोण मोठं आणि कोण कुणाच्या गटात हे गाडीवरून जाताना दोन सेकंदांत कळतं. तेच त्याचं काम आहे आणि ते तो चोख करतो. आपण त्याच्या चवीला नावं ठेवू, पण आकार आणि जागेनं अर्थ सांगण्याची कला त्याच्याकडून शिकावी.

आपल्या पोस्टरमध्ये 'भाऊ' कोण? माझं मत: "पहिल्यांदा रक्त देताय?" हा प्रश्न. त्याच्याखालोखाल तारीख-वेळ-जागा. उरलेलं सगळं तिसऱ्या पातळीवर. तीनच आकार ठेवा आणि त्यांत फरक ठळक ठेवा. ४० आणि ३६ पॉइंटमधला फरक डोळ्याला चूक वाटतो, ४० आणि १८ मधला फरक अर्थ वाटतो.

एकत्र असलेल्या गोष्टी डोळा एका गटाच्या मानतो. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञानं १९२३ मध्ये हे सविस्तर मांडलं. म्हणून वार, वेळ आणि जागा एकाच गठ्ठ्यात लिहा. तारीख वर, वेळ मध्ये आणि सभागृह तळाशी असं विखुरलं की वाचणाऱ्याला जुळवाजुळव करावी लागते, आणि ती तो करत नाही. सगळ्या ओळी डावीकडे एका अदृश्य रेषेवर लावल्या की निम्मी शिस्त आपोआप येते. मोकळी जागा दिसली की तिथं फुलं, थेंब, नक्षी टाकायचा मोह होतो. तो आवरा. मोकळ्या जागेमुळेच तो एक प्रश्न मोठा दिसतोय.

पायरी ५: देवनागरी अक्षरं

इथं जरा थांबू या. डिझाइनचे बहुतेक ऑनलाइन धडे इंग्रजीसाठी लिहिलेले असतात, आणि त्यातले काही सल्ले मराठीला सरळ मारक आहेत.

'शीर्षकातल्या अक्षरांमध्ये अंतर वाढवा, भारदस्त दिसतं' हा त्यातला एक. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. अक्षरांतलं अंतर शून्यावरच ठेवा. 'कॅपिटलमध्ये लिहा' हा सल्ला तर लागूच होत नाही. भर द्यायचा तर वजन, आकार किंवा रंग बदला. तिरकी अक्षरं टाळा. बरेच फॉन्ट सॉफ्टवेअर नुसतेच ढकलून तिरके करतं आणि वेलांट्या पडल्यासारख्या दिसतात.

ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त हवं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. वरच्या ओळीत 'पूर्ण'चा ऊकार आणि खालच्या ओळीत 'सर्वांनी'मधला रफार-अनुस्वार एकमेकांवर आपटताना पाहिलेत कधी? फॉन्टच्या आकाराच्या साधारण दीडपट अंतरापासून सुरुवात करा आणि नजरेनं कमी-जास्त करा.

फॉन्टचं म्हणाल तर सुरुवातीला 'मुक्त' (Mukta) नावाचा घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' (Ek Type) या गटानं केलेला हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो आणि त्यात बारीक ते जाड अशी सात वजनं आहेत. एकाच फॉन्टची दोन वजनं वापरून अख्खं पोस्टर होतं. शीर्षकाला जरा गुबगुबीत, मोकळेपणा हवा असेल तर त्यांचाच 'बलू' (Baloo) हा फॉन्ट आहे. जिथं खरं जाड वजन नाही तिथं सॉफ्टवेअरचं 'बी' दाबून अक्षर जाड करू नका. 'क्ष', 'ष्ठ'सारख्या जोडाक्षरांच्या पोकळ्या भरून जातात आणि 'श्रेष्ठ'च्या जागी काळा डाग दिसतो. लांबलचक मजकुरासाठी 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट पाहा, त्यात मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे असतात. तेही वाचता येतात, पण शाळेच्या पुस्तकात पाहिलेला 'ल' भेटला की पोस्टर घरचं वाटतं.

अक्षराचा स्वभाव काय करू शकतो हे पाहायचं असेल, तर कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेलं अक्षरांकन शोधून पाहा. नाव वाचायच्या आधी नाटकाची जात कळते.

आता शुद्धलेखन. 'शिबिर'मधल्या दोन्ही वेलांट्या ऱ्हस्व. 'हार्दिक'मधलीही. 'देणाऱ्या', 'येणाऱ्या' लिहिताना कीबोर्डवर नुक्त्याचा 'ऱ', मग हलन्त, मग 'या' असा क्रम द्या. साधा 'र' दिला की 'देणार्या' होतं आणि 'य'च्या डोक्यावर रफार चढतो. पोस्टरवर ही चूक इतकी दिसते की आता लोक तिला चूक मानेनासे झालेत. पण विश्वासाची वाट आठवते ना? ज्यांना 'देणाऱ्या' लिहिता येत नाही, त्यांच्या सुईवर भरवसा कसा ठेवायचा, असं कुणाच्या तरी मनात येतंच.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत टाइप केल्यावर 'शिबिर'ची वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली, तर दोष तुमचा नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा आणि फाइल नव्यानं उघडा. ऑफिसमधून आलेला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर पेस्ट केल्यावर कचरा दिसेल. तो कन्व्हर्टरमधून काढा, आणि मग एकदा शब्दन्‌शब्द वाचा.

पायरी ६: रंग आणि चित्र

रक्तदान म्हटलं की लाल आलाच. हरकत नाही, पण कोणता लाल? वाचण्यायोग्यतेसाठी वेबवर पाळले जाणारे निकष सांगतात की लहान मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातलं गुणोत्तर किमान ४.५:१ असावं, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतं. भडक लाल (आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा या क्रमानं २५५, ०, ०) आणि पांढरा यांचं गुणोत्तर सुमारे ४:१ येतं. म्हणजे शीर्षकाला ठीक, पण पत्ता आणि फोन नंबर त्या लालवर पांढऱ्यात लिहिलात तर कमी पडतो. तोच लाल थोडा गडद करा, १७६, ०, ३२ असा, की गुणोत्तर ७ च्या पुढे जातं. पांढऱ्यावर पिवळं लिहायचं असेल तर न लिहिलेलंच बरं, तिथं ते १.१ सुद्धा नसतं. हे आकडे काढणारी मोफत साधनं वेबवर ढिगानं आहेत.

रंगावर एकट्यावर अर्थ सोपवू नका. पाकिटावरचं शाकाहारी-मांसाहारी चिन्ह आठवा. पूर्वी दोन्हीकडे चौकोनात गोलच होता, हिरवा किंवा तपकिरी. रंगांधळ्या माणसाला दोन्ही सारखेच. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत मांसाहाराचा गोल जाऊन त्रिकोण आला. रंग पुसला तरी आकार बोलतो. तुमच्या पोस्टरवर 'हिरव्या खुणेचे येऊ शकतात, लाल खुणेचे नाही' अशी यादी असेल तर शेजारी शब्द लिहा.

आणि लाल क्रॉस लावू नका. रक्त, रुग्णालय, औषध म्हटलं की हात आपोआप त्या अधिक चिन्हाकडे जातो, पण पांढऱ्यावरचा लाल क्रॉस हे संरक्षित चिन्ह आहे. जिनीव्हा करार अधिनियम, १९६० नुसार परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. थेंब वापरा. थेंबावर कुणाची मालकी नाही. फोटो हवाच असेल तर मागच्या वर्षीच्या तुमच्याच शिबिरातला, रक्त देऊन झाल्यावर बिस्किट खाताना हसणारी मुलगी, तिला विचारून. सुईचा क्लोजअप? आपल्या श्रोत्याला सुईचीच भीती आहे, पायरी १ बघा.

पायरी ७: पोस्टर कुठं दिसणार आहे?

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली इमेज दाबली जाते आणि बारीक अक्षरं विरघळतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर दर्जा टिकतो, पण मग ग्रुपमध्ये ती उघडून पाहण्याची तसदी कोण घेणार? तेव्हा फोटोच पाठवा, पण सर्वांत लहान अक्षरही दाबल्यावर तरेल इतकं मोठं ठेवा. इन्स्टाग्राम पोस्टसाठी १०८० बाय १३५० पिक्सेल, स्टोरीसाठी १०८० बाय १९२०. स्टोरीत वरचे आणि खालचे साधारण २५० पिक्सेल रिकामे सोडा, तिथं ॲपची बटणं येतात. सूचनाफलकासाठी ए३ हवं असेल तर ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलची वेगळी फाइल करा आणि पीडीएफ द्या. पडद्यावरचा लाल छपाईत मळकट होतो, म्हणून आधी एकच प्रत काढून बघा.

क्यूआर कोड भिंतीवरच्या पोस्टरवर उत्तम. पण तीच इमेज फोनवर पाठवली तर ज्या फोनवर कोड दिसतोय त्याच फोननं तो स्कॅन कसा करायचा? फोनवरच्या आवृत्तीसोबत लिंक द्या, दाबली की फॉर्म उघडेल अशी.

इमेजच्या आतला मजकूर स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं अंधांना वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) सहसा नीट वाचता येत नाही. म्हणून तारीख, वेळ, जागा, अटी हे सगळं इमेजसोबतच्या मेसेजमध्येही टाइप करा. इन्स्टाग्रामवर पर्यायी मजकुराची सोय आहे, ती भरा: "रक्तदान शिबिराचं पोस्टर, बुधवार सकाळी १० ते २, सभागृह, वय १८ पूर्ण आणि वजन किमान ४५ किलो." अंध विद्यार्थ्यांना याचा उपयोग होतोच, शिवाय ज्याचा डेटा संपलाय आणि इमेज डाउनलोड होत नाहीये त्यालाही होतो.

पायरी ८: पाठवण्याआधी

इमेज स्वतःला पाठवा आणि फोनवर, हात लांब करून बघा. डोळे किलकिले करा. अंधुक दिसतानाही सर्वांत आधी प्रश्न आणि मग तारीख दिसली पाहिजे. मग इमेज कृष्णधवल करून बघा. मग एनएसएसमध्ये नसलेल्या एखाद्याच्या हातात फोन द्या, तीन सेकंदांनी काढून घ्या आणि विचारा, "कधी आहे? तू येऊ शकतोस का?" "छान झालंय रे" हे उत्तर ऐकून खूश होऊ नका. वार आणि वेळ सांगता आली नाही तर पायरी ४ वर परत जा.

नंबर एकदा डायल करून बघा. तारीख आणि वार कॅलेंडरवर जुळतात का, तेही. मूळ फाइल 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशी साठवू नका. तारखेनं नाव द्या आणि एनएसएसच्या ड्राइव्हवर ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या स्वयंसेवकाला मजकूर बदलता येईल. सकाळच्या लेक्चरच्या आधी पहिली इमेज जाऊ द्या, आणि शिबिराच्या आदल्या संध्याकाळी दुसरी, जिच्यावर फक्त एवढंच: उद्या, १० ते २, नाश्ता करून या.